बांगड्यांच्या गाडीचं इंजिन

इंजिन बांधायला किती दिवस लागतील, हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला. माझं उत्तर ठरलेलं होतं: बांधायला फार लागत नाहीत, जमवायला लागतात. गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री टोलवून राह्यला. पण जमवाजमव काय चीज आहे ते ज्यानं केली त्यालाच ठाऊक. लग्नात पंगत उठायला वेळ लागत नाही. आचारी, कढया, गॅस, दही, पत्रावळ्या गोळा करता करता मुलीच्या बापाचा जीव जातो. तसंच हे.

माझं गॅरेज शेलूबाजारला होतं, हायवेच्या कडेला. घर आसेगावात. जिपा, ट्रॅक्टर, मालाचे टेम्पो, कधीमधी एखादी कार. 'इंजिन बांधणं' म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी अडायला नको. इंजिनात सिलिंडर असतात, त्यात पिस्टन खाली-वर होतो. पिस्टनच्या गळ्याशी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बारीक रिंगा असतात. त्या सिलिंडरच्या भिंतीला घासून चालतात, म्हणून वरची आग खाली येत नाही अन् खालचं तेल वर जात नाही. वर्षानुवर्षं धावून भिंत झिजते, रिंगा सैल होतात. मग गाडी तेल पिते, निळा धूर सोडते, चढावर मान टाकते. तेव्हा सगळं इंजिन उकलायचं, भिंत नव्यानं कोरून घ्यायची, जरा मोठ्या मापाचे पिस्टन आणायचे अन् पुन्हा जोडायचं. एवढंच आहे. बाकी सगळी आमची मिस्त्री लोकांची ऐट.

गिऱ्हाईक मात्र एकेक नमुना भेटला. एका जीपवाल्याचा रेडिएटर गळायचा, तर तो त्यात हळद टाकायचा. हळद फुगते, भोक बुजतं, हा आमच्याकडचा जुना इलाज आहे अन् खोटा नाही. पण या पठ्ठ्यानं इतकी टाकली होती की मी झाकण उघडलं अन् गॅरेजभर वरणाचा वास सुटला. शेजारचा चहावाला विचारायला आला, आज काय बेत आहे म्हणून. दुसऱ्या एकाची पेट्रोलची टाकी गळायची. त्यानं कपड्याचा साबण घासून घासून ती बुजवली होती. मी म्हटलं, "आता पाऊस आला का गाडीले फेस येईन." तर म्हणतो कसा, "येऊ द्या ना मिस्त्री, तेवढीच धुतल्या जाईन." अशा लोकांत आयुष्य गेलं. मजेत गेलं.

मग बोटांनी दगा दिला. सांध्यांत वात शिरला. पाना धरवायचा, पण बारीक काम हातातून निसटायला लागलं. एक दिवस एवढीशी स्प्रिंग चिमटीतून उडाली अन् समोर पडलेली दिसत असून मला ती उचलता येईना. त्या दिवशी ठरवलं, बस झालं. शटर ओढलं अन् हत्यारं वाटून टाकली. विकली नाहीत. विकायची म्हटली की माणूस घासाघीस करतो, अन् माझ्या पान्यांची घासाघीस मला ऐकवली नसती. घरी बसलो अन् बायकोला, म्हणजे कांताला, स्वयंपाकातले सल्ले द्यायला लागलो. तिला त्याचा फार ताप झाला.

असा बसलेलो असताना गेल्या वर्षी, नवरात्राच्या तोंडावर, ट्रॅक्टरला दोरानं बांधलेली एक पांढरी कार माझ्या अंगणात शिरली. स्टिअरिंगवर शोभाबाई.

शोभाबाई आमच्याच गावची बांगडीवाली. ती कार म्हणजे तिचं दुकान. मागची सीट काढून फळ्या ठोकलेल्या, फळ्यांवर बांगड्यांची खोकी. बाजारात गेलं, डिकी उघडली की दुकान सुरू. गाडी ती स्वतः चालवते. तिचा नवरा देविदास मागं फळ्यांच्या मध्ये मांडी घालून बसतो अन् दोन्ही हातांनी खोकी धरून ठेवतो. इतका गरीब माणूस की गावात कोणी त्याचा आवाज नीट ऐकलेला नाही. शोभाबाईच्या बोलण्यात फटच नसते, तो बोलणार कुठून!

"मिस्त्रीभाऊ, मेली हे," शोभाबाई उतरता उतरता म्हणाली.

"कोण?"

"गाडी, अजून कोण! मी त जित्ती उभी हावो तुमच्या पुढं."

मी बॉनेट उघडलं. तेल मोजायची काडी कोरडीठाक. मागं धुराड्याच्या नळीत बोट घातलं तर काजळ अन् तेल. विचारायची गरजच नव्हती.

"साऱ्या मिस्त्र्यायले दाखवली," ती म्हणाली. "सारे म्हणते भंगारात घाला. कंपनीनं बनवनं बंद केलं म्हणते, सामान भेटत नाई."

"मंग बरोबर म्हणते ते. अन् माह्यं गॅरेज बंद झालं, तुमाले माहीत नाई काय?"

"गॅरेज बंद झालं. तुमी कुठी बंद झाले?"

मी म्हटलं, माल ऑटोनं न्या. तर ती भडकलीच. "नेला ना मांगच्या बाजारी! अर्धा माल वाढला माह्या." काचेची बांगडी फुटली असं आमच्याकडं कोणी म्हणत नाही. वाढली म्हणायचं. बांगडीवाली तर मरेल पण फुटली म्हणणार नाही.

खरी गोष्ट पुढं होती. शेलूबाजारच्या बाजाराचा एक कायदा आहे, लिहिलेला कुठंच नाही. दिवाळीच्या आधी जो मोठा बाजार भरतो, त्या दिवशी जो जिथं दुकान मांडून बसला, ती जागा वर्षभर त्याची. त्या दिवशी जागा रिकामी दिसली की गेली. शोभाबाईची जागा बाजाराच्या तोंडाशी, लिंबाच्या सावलीत. जिपांतून उतरलेली बाई आधी तिच्याच पुढं येते. त्या जागेवर एका प्लास्टिकच्या बादल्या विकणाऱ्याचा डोळा होता. मागच्या बाजारात ती ऑटोनं उशिरा पोचली तर त्याच्या दोन बादल्या तिच्या सावलीत येऊन बसलेल्या. "आज बादल्या ठेवल्या, उद्या पूरं दुकान ठेवते. दिवाळीच्या बाजारी माही गाडी तथी नसली त मी संपली, भाऊ," असं म्हणताना तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. देविदास मागं उभा राहून मान डोलवत होता.

दारातून कांता म्हणाली, "करून द्या ना. घरात बसून मले फोडणी शिकवून राह्यले, त्यापरीस इंजिन बरं."

झालं. ठरलं. पण इंजिन बांधायला हत्यारं लागतात, अन् माझी हत्यारं जिल्हाभर पांगलेली. स्वतःचीच चीज मागायला दारोदार जाण्यात जी गंमत आहे ती कशात नाही. इंजिन वर उचलायला चेनपुली लागते. ती मी विहिरी खोदणाऱ्या एका गड्याला दिली होती. त्याच्या घरी गेलो तर चेनपुली ओसरीच्या आढ्याला टांगलेली अन् तिच्यावर नातीचा झोका. पोरगी उतरायला तयार नव्हती. तिच्या आज्यानं दोराचा दुसरा झोका बांधला, तिनं तो दोनदा झुलून पाहिला अन् मान हलवली, तेव्हा कुठं चेनपुली सुटली.

रिंगा दाबायचा पट्टा लागतो. पत्र्याचा, चावीनं आवळता येतो. पिस्टन सिलिंडरात उतरवताना रिंगा आत दाबून धरतो. तो माझ्याकडं काम शिकून गेलेल्या एकाला दिला होता. त्याच्या घरी पट्टा सापडला तुळशीवृंदावनाला. कुंडीला तडा गेलेला, त्याच्याभोवती आवळलेला. त्याची आई म्हणाली, "काढा, पण तुळस सांडली त तुमच्या डोक्यावर." मी वायर आवळून कुंडी बांधून दिली, तुळशीला हात जोडले अन् पट्टा काढला.

राहिला टॉर्क पाना. हा पाना बोल्ट किती घट्ट झाला ते आकड्यात सांगतो. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट अंदाजानं आवळणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या गाड्या मग माझ्याकडं यायच्या. तो पाना मंगरूळपीरच्या एका मिस्त्रीकडं होता अन् त्याला रोजच लागायचा. म्हणाला, "उस्ताद, दसऱ्याले गॅरेज बंद रायते, तवा न्या." बरं म्हटलं.

सामानाचं निराळंच झालं. अकोल्याच्या जुन्या दुकानात शोभाबाई माझ्यासोबत आली. दुकानदारानं गाडीचं नाव ऐकलं अन् मान न उचलता नाही म्हणाला. मी वळलो. शोभाबाई वळली नाही.

"दादा, मी बी दुकानवाली हावो," ती म्हणाली. "मांगच्या खोक्यातली बांगडी कोणी मांगतली का मी बी नाईच म्हणतो. उठा लागते ना! तुमी फक्त शिडी लावा, वर मी चढतो."

दुकानदार हसला अन् स्वतः चढला. पार वरच्या फळीवर, धुळीत, पिस्टनांचा एक संच निघाला. ओव्हरसाईज. सोबत रिंगांचं एक पाकीट. एकच. "दुसरं नाही, अन् आता येणारही नाही," दुकानदार म्हणाला. शोभाबाईनं ते पाकीट घरापर्यंत मांडीवर धरून आणलं.

बसमध्ये मी तिला समजावत होतो, की आधी पिस्टन हातात घ्यायचे अन् त्यांच्या मापानं वाशीमला सिलिंडर कोरून घ्यायचे, उलटं करायचं नाही. ती म्हणाली, "त्यात काय सांगून राह्यले! अडीचची बांगडी वापरून वापरून बाईचा हात पावणेतीनचा झाला का पावणेतीनची द्या लागते. हात त कापता येत नाई." हात कापता येत नाही पण सिलिंडर कापता येतो, एवढाच फरक. बाकी तिला सगळं कळलं होतं. मी पोरांना हेच शिकवताना घसा कोरडा करायचो.

अंगणात तीन लोखंडी पाइपांचं तिकाटणं उभं केलं, चेनपुली लावली, इंजिन उचललं. देविदासला मी व्हॉल्व्ह घासायला बसवलं. काडीच्या टोकाला व्हॉल्व्ह चिकटवायचा अन् दोन तळहातांमध्ये ताकाच्या रवीसारखा फिरवत बसायचं, म्हणजे तो आपल्या जागेवर बेमालूम बसतो. फार कंटाळवाणं काम. चांगले चांगले पळून जातात. देविदास सकाळी बसला की उन्हं उतरेपर्यंत उठायचा नाही. एकेक व्हॉल्व्ह असा बसवला त्यानं, मी हेड उलटं करून रॉकेल ओतलं तर थेंब झिरपला नाही. मी वाहवा केली तर तो नुसता हसला.

अन् मग दसरा उजाडला.

सिलिंडरचा ब्लॉक वाशीमहून कोरून आला होता. कोरलेलं बीड आतून आरशासारखं चमकतं, पण फार नाजूक. उघडं राहिलं की हवेतल्या ओलीनंसुद्धा गंजतं. म्हणून मी त्याला आतून बाहेरून तेल चोपडून, कांताच्या जुन्या लुगड्यावर बाकी सामानासोबत मांडून ठेवलं होतं, अन् टॉर्क पाना आणायला मंगरूळपीरला गेलो. आता दसऱ्याला हत्याराची पूजा आमच्याकडं कोणी चुकवत नाही. गॅरेजमध्ये मीसुद्धा करायचो, पण माझी पूजा म्हणजे पान्यांवर एकेक झेंडूचं फूल अन् हात जोडले. इंजिन घरात असलेला हा पहिलाच दसरा. मी येईपर्यंत पूजा राहू नये म्हणून घरच्यांनी ती करून टाकली.

मी फाटकातून आलो तर ब्लॉक पाटावर बसवलेला. रांगोळी. झेंडूचा हार. अन् ब्लॉक स्वच्छ! तेलाचा थेंब नाही!

"हे काय केलं?" मी पाना हातात धरूनच विचारलं.

"आंघोळ घातली," कांता म्हणाली. "देवापुढं तेलकट बसवा काय? मी अन् शोभाबाईनं साबन लावून घासला."

साबण! पाणी! वरून चारी सिलिंडरांत हळद-कुंकू, मूठ मूठ अक्षता. अन् ब्लॉकच्या कोपऱ्यावर फोडलेला नारळ, पाणी थेट आत. वाकून पाहिलं तर त्या चकाकत्या भिंतीवर लाल लाल खवले चढायला सुरुवात झालेली.

"नारळ कोनं फोडला?"

देविदासनं हळूच हात वर केला.

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, दिवाळी अंक घरात सगळे वाचतात. माझा राग गावाला माहीत आहे. शोभाबाईसुद्धा नवऱ्यावर उलटली. "तुमाले काहून सुचलं वो ते नारळ! चाकापुढं फोडते, इंजिनात फोडते काय कोनी?" देविदास पायाच्या अंगठ्यानं रांगोळी पुसत उभा राहिला.

मग आपट्याची पानं बाजूला राहिली अन् सगळं घर कामाला लागलं. बारीक पॉलिश पेपर अन् रॉकेल घेऊन मी गंज उतरवला. वरवरचाच होता, सुटला. पण अक्षता! ब्लॉकच्या पोटात तेल जायला बारीक बारीक वाटा कोरलेल्या असतात. त्यातल्या एका वाटेत तांदळाचा एक दाणा अडकला की पुढं तेल नाही, अन् तेल नाही तर बेअरिंग जळालं. सायकलच्या आऱ्यानं टोकरून, पंपानं हवा मारून, रॉकेल सोडून आम्ही दाणे काढले. कांता सुपात गोळा करत होती. "झाले का सारे?" मी विचारलं तर म्हणते, "मोजून थोड्याच टाकल्या होत्या!"

राहिल्या रिंगा. मी कामाची सुरुवात करतानाच मनातून याच दिवसाला भीत होतो. रिंग बिडाची. पिस्टनवर चढवायला दोन टोकं जरा फाकवायची. थोडी कमी फाकली तर चढत नाही, थोडी जास्त फाकली तर कट्कन तुटते. पाकीट एकच. म्हणून मी आधी जुन्या पिस्टनवर जुनी रिंग घेऊन हात बसवायला गेलो. तुटली. दुसरी घेतली. तीही तुटली. हीच बोटं डोळे मिटून रिंगा चढवायची एके काळी. मी बोटांकडं पाहत बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

"तुटली," मी म्हटलं.

"वाढली म्हना," शोभाबाई म्हणाली. "द्या इकडं."

तिनं एक जुनी रिंग घेतली. अंगठ्यांनी फिरवून फिरवून पाहिली. मग पिस्टन मांडीत धरला अन् एखाद्या घाबरलेल्या नव्या नवरीच्या हातात चुडा भरावा तशी ती रिंग उतरवली. आवाज नाही, ओरखडा नाही. जाऊन आपल्या खाचेत बसली.

"कसं केलं?"

"जोर नाई करा लागत, भाऊ. बांगडीले इचारा लागते, किती मान्य करते ते. तिनं नाई म्हटलं का थांबायचं, जरा फिरवायचं, मंग पुन्ना इचारायचं."

मग पाकीट फोडलं. मी सांगत होतो कोणती रिंग वर, कोणती खाली, कोणत्या रिंगेची फट कोणत्या बाजूला; ती भरत होती. सगळ्या भरल्या. एकही वाढली नाही. आमच्याकडं बांगड्या भरून झाल्या की बाई भरणारीला हात जोडते. मी जोडले. शोभाबाई लाजली, जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

इंजिन गाडीत बसलं तोवर दिवाळीचा बाजार दारात आला. बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकलली अन् चालू झाली! कांतानं टाळ्या वाजवल्या. पण मी पाहत होतो समोरचा तेलाचा लाल दिवा. चालू झाल्यावर तो विझला पाहिजे. विझेना.

"बंद करा!" मी ओरडलो. "अक्षता! राहिला एक दाना कुठीतरी! अन् तो नारळ..."

"सारं यायच्या पायी!" शोभाबाई देविदासकडं हात करून रडवेली झाली. "एक काम करते अन् ते बी असं करते. गेली माही जागा!"

मी फिल्टर खोलायला वाकलो अन् वर पाहिलं तर देविदास अंगणात नव्हता. इंजिनातून काढलेल्या जुन्या भंगार सामानाचं पोतं कोपऱ्यात होतं, तेही दिसेना. पण तेव्हा त्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

दाणा काही सापडला नाही. तेलाच्या पंपानं तेलच धरलं नव्हतं, नव्या इंजिनाला होतं असं. फिल्टरमध्ये तेल भरलं, प्लग काढून इंजिन नुसतंच फिरवलं, पुन्हा किल्ली मारली. दिवा विझला. म्हणजे बिचाऱ्या नारळाचा काही दोष नव्हता. पण ऊन चांगलंच वर आलं होतं.

खोकी भरली. देविदासला हाका मारल्या. पत्ता नाही. "रुसले असन," शोभाबाई म्हणाली. "आजच रुसायचं होतं!" खोकी धरायला कांता मागं बसली, मी पुढं.

आता नव्या बांधलेल्या इंजिनाचा एक नियम आहे. पहिले दिवस त्याला पळवायचं नाही. रिंगा अन् भिंत एकमेकींना ओळखत असतात, तेव्हा दमानं. आम्ही निघालो अन् एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली. मग सायकलवरचा दूधवाला गेला. शोभाबाईनं माझ्याकडं पाहिलं.

"भाऊ, देऊ काय जोर? बादल्यावाला मांडून बसला असन."

जोर दिला तर जागा कदाचित मिळेल अन् इंजिन कदाचित जाईल. गाडी तिची, जागाही तिची. मी म्हटलं, "तुमीच पाहा."

ती थोडा वेळ दात ओठ खात चालवत राहिली. मग म्हणाली, "नाई. बांगडी नाई म्हनून राह्यली." अन् त्याच चालीनं, नाक पुसत, तिनं गाडी शेलूबाजारला नेली.

लांबूनच लिंबाचं झाड दिसलं अन् खाली गर्दी. "गेली," शोभाबाई म्हणाली. गाडी तिथंच सोडून पदर खोचून ती गर्दीत घुसली, मी मागोमाग.

मध्यभागी कांताचं जुनं लुगडं अंथरलेलं होतं. त्यावर आमचे झिजलेले पिस्टन ओळीनं उभे. पुढं जुने व्हॉल्व्ह, बेअरिंगं, त्या मी तोडलेल्या रिंगासुद्धा. सगळं तेलानं पुसून चकचकीत केलेलं. अन् मागं मांडी घालून देविदास बसलेला, खणखणीत आवाजात, अगदी शोभाबाईच्या सुरात ओरडत होता, "या ताई, या माय! पिस्टन पाहा! दार आपटत नाई, कागद उडत नाई! या, घेऊ नोका, पाहून त जा!"

बादल्यावाला बाजूला उभा राहून बाजाराच्या ठेकेदाराशी भांडत होता. "हे काय दुकान हाये काय? भंगार हाये हे!"

ठेकेदार म्हणाला, "मांडलेलं हाये, मानूस बसला हाये, गिऱ्हाईक उभं हाये. दुकानाले अजून काय शिंगं रायते काय? यायची जागेची पट्टी मी सकाळीच घेतली."

देविदासनं वर पाहिलं. शोभाबाई दिसल्याबरोबर त्याचा आवाज पुन्हा नेहमीसारखा बारीक झाला. "बोहनी झाली," तो म्हणाला. "एका बुवानं पिस्टन नेला. दाराले लावाले."

शोभाबाई उभीच. शेवटी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कितीले देला?"

त्यानं सांगितलं.

"कमी घेतले," ती म्हणाली, अन् भर बाजारात त्याच्या शेजारी लुगड्यावर बसून हसत हसत रडायला लागली. आजूबाजूच्या बायका पाहतच राहिल्या. मग कोणीतरी म्हणालं, बांगड्या भरून देता का रडता, तेव्हा मी जाऊन गाडी आणली, झाडाखाली लावली अन् डिकी उघडली.

दिवसभर बायकांची रीघ होती. संध्याकाळी निघताना देविदासनं मला विचारलं, "मिस्त्री, आता एक नारळ फोडू काय?"

मी म्हटलं, "फोडा बाप्पा. पण चाकापुढं."

नारळ फोडून तो सवयीनं मागं फळ्यांच्या मध्ये शिरायला लागला. शोभाबाईनं पुढचं दार उघडलं. "अवो, पुढं बसा," ती म्हणाली. त्यामुळं मागं मांडी घालून, दोन्ही हातांनी उरलेली खोकी धरून मी बसलो, कांताच्या बाजूला. मिस्त्री माणूस, कान सगळे इंजिनाकडं लावून होतो. पण आसेगाव येईपर्यंत मला इंजिन काही ऐकू आलं नाही. देविदास सारखा बोलत होता.